हिरव्या काठाची कुत्री

बायकोच्या ट्रंकेतली कुठली साडी जुनी आणि कुठली ठेवणीतली, हे नवऱ्याने ठरवू नये. मी ठरवलं.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. संक्रांत नुकतीच झालेली. वसमतच्या आमच्या गल्लीत नगरपालिकेचं डफडं वाजलं : गळ्यात पट्टा नसलेलं कुत्रं बेवारस समजून गाडीत घालणार, आणि एका घरात दोनापेक्षा जास्त कुत्री पाळायची नाहीत. (दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही. पहिल्यालाच घाबरून घरात पळालो होतो.)

कारण आमचा राजा! लंगडा, बहिरा आणि बायकोचा एवढा लाडका, की तव्यावरची पहिली भाकर त्याला, दुसरी मला. बाजारात पट्टा मिळेना. ट्रंकेत एक हिरव्या काठाची साडी दिसली. बायकोने ती कधी नेसल्याचं आठवेना; म्हणजे टाकाऊच! काठ फाडून राजाला बांधला. काठ बराच उरला. दारातली बाकीची कुत्री आशेने बघत होती. मला दया आली आणि मी अख्ख्या गल्लीला काठ बांधला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. हा काठ कुणाचा, असं विचारत विचारत गाडीवरचे साहेब आमच्याच दारात. मागून सगळी कुत्रीही. (त्यांना वाटलं, आणखी काही वाटप आहे.)

"मास्तर, एवढी समदी तुमची?"

हो म्हणावं तर दोन कुत्र्यांचा कायदा मोडला, हे साहेबांनीच सांगितलं. शिवाय एकाची खरूज आणि दुसऱ्याच्या बरगड्या दाखवून साहेबांनी हेळसांडीचा गुन्हा वेगळा लागेल, असं बजावलं. नाही म्हणावं तर सगळी बेवारस, राजासकट! पहिलीतल्या पोरासारखा मी बोटांवर कुत्री मोजायला लागलो.

तेवढ्यात बायको बाहेर आली. तिने आधी काठांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग शांतपणे म्हणाली, "साहेब, आमचं हे एक लंगडं. बाकीच्या काठाचं म्या हळदीकुंकवाला वाण लुटलं. कुणी कुठं बांधलं, मला काय ठाव?"

समोरच्या काशीबाईंनी लगेच खरूज झालेलं कुत्रं आपलं म्हणून कवेत घेतलं. मग बाकीच्या शेजारणींनी एकेक वाटून घेतलं. गाडी रिकामी परत गेली.

साडी भाऊबीजेची होती. भाच्याच्या लग्नासाठी जपून ठेवलेली.

संध्याकाळी मी हळूच विचारलं, "रागावलीस?"

"काठ उरलाय का थोडा?"

मी तुकडा दिला. तो माझ्या गळ्याभोवती मापत ती म्हणाली, "बांधून घ्या, न्हाईतर बेवारस म्हणून नेतील. पण हेळसांड आजपासून सुरू."