खतावरची बाई

"बियाच्या थैलीत हात घालू नको," पाटलीणबाई म्हणाली. "तुहं कपाळ पांढरं. तू खतावर राह्य."

मेडशीजवळ त्याहीचं चढाचं वावर हाय. तिथं ट्रॅक्टर चढत नाही, अजून बैलांच्या तिफनीनंच सोयाबीन पेरतात. तिफनीच्या चाड्यात बी सोडाले सवाष्ण लागते. मूठ तिचीच. मी मागून सरत्याच्या नळीतून डीएपी खत सोडून राह्यली होती. सवाष्णीची ओटी रिकामी झाली. तास बियाबिगर खाली जाईन म्हणून मी पसाभर बी काढून तिले द्याले गेली. एवढाच माहा गुन्हा.

पाटलीणबाईनं माहं मनगट धरून पसा खाली सांडाले लावला. ते बी गोळा करून कोंबड्याइले टाकलं.

राग आला असं सांगतलं असतं, पण खोटं कायले बोलू? काहीच वाटलं नाही. नवरा गेला तवापासून आतून असंच बधिर. खतानं बोटं फाटली होती, ते तेवढं झोंबत होतं. पुन्हा सरता धरला. माह्या हातचं खत खाऊन ते बी उगवणार होतं. खताले इटाळ नव्हता.

मंग माह्या वावराची पेरणी आली. एकच एकर, आता माह्या नावावर. दीर तिफन घेऊन आला, संग जाऊ. दीर मायेनंच बोलला, "वहिनी, मूठ तुमची जाऊ धरते. तुमी खतावर राहा."

खतावर. माह्याच वावरात.

जावेच्या ओटीतलं बी मी माह्या ओटीत घेतलं. तिनं घेऊ देलं.

"भाऊजी, वावर माहं हाय. मूठ मी धरतो."

"उगवणार नाही मंग."

"नाही उगवलं तर वावर पडीत राहीन. मूठ माहीच राहीन."

दिरानं बैल हाकलले. जाऊ सरत्यामागं गेली. मी पेरलं.

पाटलीणबाईचा निरोप येते अजून, खत सोडाले ये म्हणून. रोजची मजुरी बुडते, ते समजते मले. पण ज्या वावरात बियाले माहा हात चालत नाही, तिथं खतालेही तो लागणार नाही.