भिंतीबाहेरचं पोर

धुकं असं दाटलं होतं की गायीचं शेपूट दिसेना. पिंपवाल्याच्या फ्रेनीने चाचपडतच धारा काढल्या, चरवी झाकली आणि पहार खांद्यावर टाकून तडक चर्चची दफनभूमी गाठली. एमे नदीच्या खोऱ्यात म्हणत, फ्रेनीच्या जिभेपेक्षा गारा बऱ्या. आज तर ती भट्टीसारखी तापली होती.

बर्नच्या सरकारने जुना कॅथलिक पंथ सोडून सुधारकांचा धरल्यावर आलेला नवा पाद्री काल व्यासपीठावरून बोलला होता. उपास, मेणबत्त्या, सत्कर्मं यांनी तारण मिळत नाही, ते नुसत्या विश्वासाने मिळतं. बाप्तिस्मा म्हणजे देवाच्या वचनाची खूण. बाप्तिस्म्याच्या पाण्यावाचून गेलेलं विश्वासणाऱ्यांचं लेकरूसुद्धा देवाचंच!

मग तिचं पोर? निळंच जन्मलं, सुईण पाणी आणेपर्यंत गेलं. नावसुद्धा नाही. जुन्या पाद्र्याने ते दफनभूमीच्या भिंतीबाहेर, काट्यांत पुरायला लावलं. तेव्हापासून त्याच्या तारणासाठी फ्रेनी उपास धरत आली, घरचं लोणी चर्चच्या दिव्यात जाळत आली. जिवंत पोरींनी मात्र कोरडा पाव चावला.

तिने पहार घातली. पहिला दगड गडगडला तसा चर्चचा कारभारी क्लेवी धावत आला, मागोमाग पाद्री.

"फ्रेनी! भिंत पाडतेस? डोकं फिरलं का?"

"माझं नाही, तुमची शिकवण फिरली! तुझा दारुडा बाप आत ऐसपैस निजलाय, माझं लेकरू बाहेर का?"

"फ्रेनीबाई," पाद्री हळूच म्हणाला, "बाळ देवाजवळ आहे. हाडं हलवून पुण्य लागत नाही."

"पुण्य घाला चुलीत! इतकी वर्षं तेच गोळा केलं. हाडं नाही, भिंत हलवतेय मी. आतली माती तारते का?"

"नाही."

"बाहेरची बुडवते?"

"नाही, बाई. माती ती मातीच."

"मग भिंत कशाला?"

पाद्र्याने क्लेवीकडे पाहिलं.

"गुरं शिरतात म्हणून," क्लेवी पुटपुटला.

"आणि माझ्या पोरावरून गुरं गेली तर चालतं होय रे, मेल्या?"

शेवटी पाद्र्यानेच दगड उचलला. "कुठे रचू?"

"माझ्या पोराच्या पलीकडे."

तिघांनी मिळून भिंत काट्यांबाहेरून वळवली. क्लेवी सारखा कण्हत होता. फ्रेनीने आभार मानले नाहीत.

"आणि इतकी वर्षं दिव्यात जाळलेलं माझं लोणी?" तिने जाता जाता विचारलं.

ती थुंकली, घरी आली आणि गोठ्यातलं शेण भरायला लागली.