आवाजाची निगा

शहाऐंशी-सत्त्याऐंशीत मुंबईतले आम्ही स्पीच थेरपिस्ट घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्गात सहज मावायचो. दर महिन्याला सभा असे. नवीन काय शिकायचं, कुठे जागा निघाली, एवढंच बोलायचं. पण पहिल्या बाकावरचे ते गृहस्थ बोलू देतील तर ना.

कोणी तोंड उघडलं की ते उठायचे. 'मी काय म्हणतो,' अशी सुरुवात, मग शिक्षकांनी घसा कसा सांभाळावा यावर तेच व्याख्यान, तेही ओरडून. स्वतःचा आवाज पार फाटलेला.

"सर, घसा दाखवा कोणाला तरी," मी दरवेळी सांगायचे.

"मला शिकवताय?"

एका रविवारी ते गुपचूप येऊन बसले. मुलुंडची मैत्रीण माझ्या कानाशी लागली. "अगं, स्वरयंत्रावर गाठी आल्यात. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय."

वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, आज सभा वेळेवर संपणार म्हणून बरंही वाटलं.

बोरिवलीची एक नवी मुलगी अडखळत बोलणाऱ्या मुलांच्या वर्गाबद्दल सांगायला उठली. तिच्या दुसऱ्याच वाक्याला हे गृहस्थ उठले, फळ्यापाशी गेले आणि खडू उचलला. ती थांबली. आम्हीही थांबलो. समोरच्याचं बोलणं पुरं होईस्तोवर थांबायचं, ही आमच्या धंद्याची सवयच.

सावकाश, वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, 'मी काय म्हणतो,'