टोप्याले बोले, जावयाले लागे

आमच्या सासूबाई मले कधी एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर, अन् "जावईबापू, जेवून घ्या," इतकंच. आमच्यात सासूनं जावयाले बोलायचं नसते, मग जावई कितीही गाढव असो. अन् मी तर घरजावई. प्रताप नगरले त्याईच्याच दोन खोल्यांत राहायचो, त्याईच्याच हातचं खायचो, तरी पहिली पोळी मानानं माह्याच ताटात पडायची. पण माणूस पोटातलं किती दिवस पोटात ठेवीन? त्याईले रस्ता सापडला मोबाईलमध्ये.

माह्या बायकोनं, सुनीनं, आईचा वेळ जावा म्हणून फोनमध्ये एक गेम टाकून देल्ला. त्यात एक ढेरपोट्या माणूस, डोक्यावर टोपी. त्याले फक्त घरी पोचायचं असते. पण ज्याले हात लावीन ते अंगावर येते. बेल वाजवली का बेलच डोक्यावर. कुत्र्याले गोंजारलं का कुत्रं पँट घेऊन पसार. छत्री उघडली का हा छत्रीसंगं आभाळात. मेला का पुन्हा पहिल्यापासून. दोन पोट्ट्यांनं घरी बसून बनवला होता म्हणे. सासूबाई हसून हसून पदरानं डोळे पुसत. "मायबाई! एका माणसाले मारायच्या इतक्या तऱ्हा कशा सुचल्या वं सुनी त्याईले?"

त्या माणसाचं नाव त्याईनं ठेवलं टोप्या. त्याच्याशी त्या दिवसभर बोलत. मले वाटे, म्हातारी खेळात रंगली. मी तेव्हा कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा धंदा करायले गेलो होतो. पहिल्याच दिवशी लिलावात माह्या कानाले खाज सुटली. मी हात वर केला, अन् आडत्यानं अख्खी ढेरी माह्या नावानं सोडली. मग काय, गल्लीभर संत्री वाटत फिरलो. घरी आलो तर सासूबाई फोनले म्हणून राहिल्या होत्या, "टोप्या, जिथं बोली लागून राहिली तिथं हात खिशात ठेवावा गा!" मी हळूच फोनात डोकावलो. तिथं तर एक विहीर होती अन् एक बकरी. लिलाव कुठंच नव्हता.

तेव्हा माह्या डोक्यात उजेड पडला. लेकी बोले सुने लागे, तसं हे टोप्याले बोले, जावयाले लागे.

खेळायची त्याईची एक रीत होती. टोप्या मेला का त्या थांबत. काहून मेला ते पाहत. मग पुढच्या खेपेले एकच गोष्ट बदलत, बाकी सारं तसंच. "मरनं वाईट नाही," त्या म्हणत, "तसंच्या तसं मरनं वाईट." मी फोन घेतला का दोन्ही अंगठ्यांनं जिथं तिथं दाबत सुटायचो. टोप्या बिचारा जागेवरच ठार. सासूबाई अदबीनं म्हणत, "जावईबापूचा हात भल्ला मोकळा आहे." अन् फोन काढून घेत.

संत्र्यानंतर मी तर्री-पोह्याचा ठेला लावला. सुनीनं आधीच सांगून टाकलं, "हा शेवटचा. हाही बुडाला तर गुमान पोती उचलायले जायचं." माह्या कंबरेत पोत्याचा दम नाही. मी वाकून चप्पल घातली तरी 'आई गं' म्हणतो. म्हणून हा ठेला चालणं म्हणजे माह्या जिवाचा प्रश्न होता. पण तर्री काही जमे ना. चन्याचा झणझणीत रस्सा, पोह्यावर ओतायचा, त्यात कठीण काय? चने दाताखाली गोट्यासारखे लागत. मी मसाला बदलला, तेल बदललं, भांडं बदललं, ठेल्याचं तोंड पूर्वेकडं केलं. एक गिऱ्हाईक म्हणे, "दादा, पोहे द्या. तर्री तुमच्यासाठी राहू द्या."

शेवटी मी हात टेकले. जरीपटका भागातला एक जण ठेला विकत घ्यायले घरी आला. अंगणात तो चाकं हलवून पाहून राहिला होता अन् आतून आवाज आला, "टोप्या, चने कच्चे राहून राहिले, तर मसाला काहून बदलतो गा?"

"कोणाले बोलून राहिल्या त्या?" त्यानं विचारलं.

"गेम खेळतात," मी म्हटलं.

"टोप्या! मसाला चांगला आहे! चने भिजत घाल!"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यानं ठेल्याची दांडी धरली. तशा सासूबाई दारात आल्या. फोन हातात, पदर खांद्यावर. पहिल्यांदा माह्या डोळ्यात डोळे घालून म्हणाल्या, "काहून विकून राहिला बे? एका चन्याचं चुकून राहिलं, अन् अख्खा ठेला देऊन टाकतो? बहिरा आहेस का?"

त्या माणसानं दांडी सोडली. सासूबाईनं जीभ चावली, पदर ओढला अन् आत गेल्या. संध्याकाळपर्यंत बाहेर आल्याच नाहीत. नुसता आवाज आला, "जावईबापू, चहा घ्या."

मी त्या माणसाले म्हटलं, "विकायचा नाही."

"नाही गा," तो म्हणे, "मीही घेत नाही. सासूसकट गळ्यात पडला तर?"

मी चने भिजत घातले. दुसरं काहीच बदललं नाही. सकाळी शिजवले तर चने लोण्यासारखे. मग मीठ सुधारलं, मग तिखट, एकेका खेपेले एकेक. हळूहळू लोकं उभे राहून खाऊ लागले. सासूबाई पुन्हा जमिनीकडं पाहून बोलू लागल्या, अन् टोप्याले पुन्हा शिव्या पडू लागल्या.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. सारं आटोपल्यावर मी ठेला पुन्हा उघडला. ध्यान ठिकाणावर नव्हतं, तर्रीत मीठ दोनदा पडलं. रोजचे गिऱ्हाईक आले. साऱ्याईले माहीत होतं घरी काय झालं ते. गुमान खाल्लं त्याईनं. एक तर म्हणे, "मस्त झाली दादा," अन् गटागटा पाणी प्याला. मग मी स्वतः चाखून पाहिली. जीभ कातडं झाली. समोर इतकी माणसं, माना खाली घालून खाऊन राहिले, पण कोणी काही म्हणे ना. माह्यानं ते सहन झालं नाही. मी डाव भांड्यावर आपटला अन् ओरडलो, "अबे, बोला ना कोणीतरी!"