अडतिसाव्या प्लॉटचे आईबाप

चिमटाबाईच्या पायाला भिंगरी होती. बारा वर्षं ती गव्हाच्या संशोधन केंद्रात संशोधन साहाय्यक होती, तीही अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, आणि या बारा वर्षांत तिला खुर्चीत बसून चहा पिताना कुणी पाहिलं असेल तर त्यानं शपथेवर सांगावं. कप हातात, चालणं सुरू. अंबाड्यात कायम बारीक टोकाचा चिमटा खोचलेला, म्हणून शेतावरच्या बायकांनी तिचं नाव ठेवलं चिमटाबाई. तो चिमटा शोभेचा नव्हे हो. गव्हाचं फूल ते केवढं! त्याच्या पोटातले तीन पुंकेसर पिकायच्या आत उपटायचे, फुलाला इजा न करता. वर कागदी पिशवी चढवायची. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या झाडाचे पराग आणून आत झटकायचे. याला क्रॉस म्हणतात. साहेबांचे हात या कामात थरथरायचे, म्हणून क्रॉस करायची ही आणि कागदावर नाव साहेबांचं. यात काही वावगं आहे असं तिला तोवर वाटलं नव्हतं, उगाच आपण तिच्या तोंडी घालायला नको.

साहेब माणूस वाईट नव्हता. नऊ वर्षं त्यानं एकच ध्यास घेतला होता: एक रानगवत, गव्हाचं दूरचं नातेवाईक, त्याचा काटकपणा गव्हात उतरवायचा. त्यातून शे-सव्वाशे वाण निघाले, त्यांची ट्रायल लागली, आणि गेल्या वर्षी पाण्याचा ताण देऊनसुद्धा सत्तेचाळीस नंबरच्या प्लॉटनं सगळ्यांना मागे टाकलं. झालं! साहेबांना आभाळ ठेंगणं. यंदा सत्तेचाळीसचं बी मोठ्या रानात पेरलं होतं. वाण निवडणारी समिती आठ दिवसांनी यायची होती. ती खूश झाली की सत्तेचाळीस पुढं जाणार, आणि चिमटाबाईचा करार अकरा महिन्यांचा न राहता तीन वर्षांचा होणार. तो कागद साहेबांच्या टेबलावर येऊनही पडला होता. सही तेवढी बाकी.

त्या सकाळी ती मोठ्या रानाच्या कडेला नंबराची पाटी ठोकत होती. ठोकता ठोकता सवयीनं एक ओंबी हातात घेतली आणि अंगठा फिरवला. अंगठा सरळ घसरला. तिनं दुसरी ओंबी धरली. तीही गुळगुळीत. मग ती आत शिरली आणि वीस, तीस, चाळीस ओंब्या चाचपत सुटली.

आता यात घाबरण्यासारखं काय, तर ऐका. त्या रानगवताची एक खूण होती. त्याच्या तुसांवर बारीक लव असायची, आणि साहेबांनी निवडलेल्या त्याच्या प्रत्येक वंशजावर ती उतरलेली होती. ओंबी बाहेर पडेपर्यंत ही खूण दिसत नाही, आणि गाडीतून उतरून बांधावरून पाहणाऱ्याला तर कधीच दिसत नाही. सत्तेचाळीसची ओंबी बोटांना मांजराच्या कानासारखी लागायला हवी होती. ही लागत होती नुसत्या गव्हासारखी.

"काय गं, काय हरवलं?" मजूर बायकांची मुकादमीण बांधावरून ओरडली.

"काही नाही!"

"मग गव्हाला गुदगुल्या कशाला करतेस?"

एरवी चिमटाबाईनं सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज ती तशीच चिखलाच्या चपलांनी दफ्तराच्या खोलीकडे पळाली.

गेल्या वर्षीचं फील्डबुक काढलं. ट्रायलीत दहा ओळी, ओळीत बारा प्लॉट. पेरणी नागमोडी होते. पेरणारे पहिली ओळ डावीकडून उजवीकडे नेतात. टोकाला पोचल्यावर रिकाम्या हातानं परत कोण येतो? दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे पेरत येतात, आणि नंबरही तसेच फिरतात. हे शेतावरच्या पोरालासुद्धा ठाऊक. अकरा वर्षं चिमटाबाई टॅग हातानं लिहायची आणि नागमोडी चालत एकेक टांगायची. गेल्या वर्षी हिनंच हट्ट धरून प्रिंटर आणवला होता. प्रिंटरमधून सुबक कागद आले, एका कागदावर बारा टॅग, एका ओळीत बारा प्लॉट. वा, काय सोय! तिनं कागद फाडला, ओळीच्या डाव्या टोकाला उभी राहिली आणि एक ते बारा टांगत गेली. पुढचा कागद, पुढची ओळ, पुन्हा डावं टोक. दहाच्या दहा ओळी. कापणी टॅगवर, मळणी टॅगवर, वजन टॅगवर. म्हणजे दर दुसरी ओळ उलटी झाली होती. निम्म्या ट्रायलीचा सत्यानाश, आणि तो हिच्याच हातानं.

चौथ्या ओळीत तिनं बोट ठेवून मोजलं. ज्या प्लॉटवर सत्तेचाळीसचा टॅग लागला होता, तिथं खरं तर अडतीस पेरलेला होता. समोरच्या रकान्यात वंशावळ लिहायची असते. अडतीसच्या समोर हिच्याच अक्षरात एकच शब्द होता: भर.

तिनं फील्डबुक पटकन मिटलं. कारण ही भर कुठून आली ते जगात तिला एकटीला माहीत होतं. वाण होते एकशे एकोणीस आणि प्लॉट एकशे वीस. एक प्लॉट रिकामा ठेवला की शेजारचा गहू फोफावतो आणि वजन चुकतं, म्हणून तिथं काहीतरी पेरतात. तिनं पेरलं होतं आपलं स्वतःचं. सहा वर्षांपूर्वी एका रिकाम्या दुपारी उरलेले पराग टाकवेनात, म्हणून गंमत म्हणून एक क्रॉस केला होता, आणि दर वर्षी कोपऱ्यात त्याची एक ओळ, कुणाला न विचारता, लावत आली होती. साहेबांच्या नऊ वर्षांच्या तपाला मागे टाकणारा गहू हिच्या खेळातला निघाला.

तुम्ही म्हणाल, मग आनंदानं उडी मारायची. मारा तुम्ही! तिला पुढचं दिसत होतं. सांगायला जावं तर आधी स्वतःचा गोंधळ कबूल करायचा, मग चोरून लावलेली ओळ कबूल करायची, आणि वर म्हणायचं की सगळ्यात सरस वाण माझा. कोण ठेवणार विश्वास?

तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. घरी भांडी घासता घासता मध्येच हात ओले ठेवून गॅलरीत जायची, परत यायची, कपाट उघडायची, कशासाठी उघडलं ते विसरायची. नवरा शाळेची गाडी चालवायचा. दिवसभर पन्नास पोरं सांभाळून त्याचं डोकं घरी थंड असायचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गहू वाईट आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही. गहू फक्कड आहे."

"मग झालं तर. गव्हाला कुठे ठाऊक आपला नंबर?"

"त्याला नसेल. मला आहे ना!"

"अगं, सही होऊ दे आधी. मग सांग हवं तर."

"मग सांगितलं तर मी चोर ठरेन."

"आणि आत्ता सांगितलंस तर?"

"तर बेकार." ती पुन्हा उठली. "पण उद्या सगळे त्या रानगवताच्या मागे लागतील. साहेबांनी लिहून ठेवलंय, ताकद त्याची आहे म्हणून. माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या ठिकाणी खणत बसतील. माझ्या एका कागदापायी!"

नवरा म्हणाला, "तू खाली बस बरं आधी." ती बसली नाही.

चौथ्या दिवशी ती फील्डबुक छातीशी धरून साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. साहेब आधी हसले. मग त्यांनी बोटानं ओळी मोजल्या. मग रानात गेले, अर्ध्या तासानं परत आले, आणि त्यांच्या अंगठ्याला हिरवा डाग होता.

"ही अडतीस कुणाची?"

"माझी." तिनं अडतीसच्या रकान्यावर बोट ठेवलं. "म्हणजे, मी गंमत म्हणून..."

"असं होय!" साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे नऊ वर्षं मी झक मारली आणि तुम्ही फावल्या वेळात बाजी मारलीत. छान. समितीला हेच सांगू का?"

त्यात इतकं विष होतं की तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ओरडले असते तर तिला सोसलं असतं. बारा वर्षं ज्यांचं काम आपल्या हातानं केलं, त्यांना ही श्रेय लाटायला आल्यासारखी वाटली, हे तिला फार लागलं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका, साहेब," ती म्हणाली. "शीतगृहात दोन्हीचं मूळ बी शिल्लक आहे. काचघरात कुंड्यांत पेरते. क्रॉसच्या कुंड्या नाहीतरी लावायच्याच आहेत. पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत ओंब्या येतील. सत्तेचाळीसला लव आली आणि अडतीस मोठ्या रानासारखा गुळगुळीत आला, तर समजा."

"ऐंशी दिवसांनी तुम्ही इथं नसाल."

"माहीत आहे."

साहेबांनी समितीला भेट पुढं ढकलल्याचं कळवलं, आणि कराराचा कागद खणात टाकला. निम्मी ट्रायल बिघडवल्याचं ज्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय त्याच्या नव्या करारावर सही कशी करणार, असं म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. तिनं शेवटच्या आठवड्यात कुंड्या भरल्या, बी पेरलं, टॅग हातानं लिहिले, तीन-तीनदा तपासले, आणि महिनाअखेरीला निघाली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले विचारू नका. घरात ती अशी फिरायची की घरच हलत असल्यासारखं वाटायचं. कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, "आई, तू बस ना जरा, मला अभ्यासात नुसती तुझी सावली फिरताना दिसते." मुलीसाठी ती पाच मिनिटं बसली आणि बोटावर दिवस मोजत राहिली. आज कोंब वर आले असतील. आज फुटवे. आता पाणी कोण देत असेल? जास्त तर नाही ना देत? दोनदा ती केंद्राच्या कुंपणापर्यंत जाऊन परत आली. मुकादमीण भेटली तर म्हणाली, "साहेब सकाळ-संध्याकाळ काचघरात जातात. कुणाला आत येऊ देत नाहीत. तुझ्यासारखेच फेऱ्या मारतात मेले!"

ब्याऐंशीव्या दिवशी, शनिवारी दुपारी, फोन वाजला.

"मी बोलतोय," साहेब म्हणाले. "सत्तेचाळीसला लव आहे. अडतीस गुळगुळीत. हुबेहूब मोठ्या रानातल्यासारखा."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुम्हाला नको ते बोललो," साहेब म्हणाले. "समितीला खरं ते लिहितोय. अडतीस नंबर, क्रॉस करणार तुम्ही. तुमचं पूर्ण नाव घातलंय. आता फक्त वंशावळ सांगा. आई कोण?"

"बुटका वाण. आपला काचघरातल्या दुसऱ्या बाकावरचा, जाड दांड्याचा."

"आणि बाप?"

इथं ती थांबली. त्या दुपारी तिच्या खिशात परागांच्या दोन पुड्या होत्या, एकाच क्रॉसमधून निघालेल्या दोन भाऊ-वाणांच्या. एक लांब ओंबीचा, एक लालसर. क्रॉस कामाचा असता तर तिनं तिथल्या तिथं टॅगवर लिहिलं असतं. खेळ म्हणून लिहिलं नव्हतं, आणि कुठली पुडी झटकली ते आता आठवत नव्हतं. सहा वर्षं ती मनाशी लांब ओंबीचाच धरून चालली होती. एक शब्द बोलायचा अवकाश होता. समोरचा माणूस लिहून घ्यायला पेन उघडून बसला होता, आणि या वेळी कुठलीही लव उगवून तिला खोटं पाडणार नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "बापाचं मला खात्रीनं नाही सांगता येत."

"म्हणजे?"

तिनं दोन पुड्यांचं सांगितलं. मग साहेब कण्हल्यासारखे म्हणाले, "अहो बाई, नुसतं एक नाव सांगितलं असतंत तर प्रकरण मिटलं असतं. सख्खे भाऊ ते. प्रयोगशाळेत तपासणीला पाठवलं तरी धड उत्तर यायचं नाही. दोन्ही क्रॉस नव्यानं करून, पिढ्या वाढवून बघावं लागेल. तीन वर्षं जातील!"

"जाऊ देत. तोवर त्याच्यापुढं कुणाचंही नाव लावू नका."

साहेब हसले की काय ते तिला नीट कळलं नाही. "करणार कोण हे सगळं?" ते म्हणाले. "माझे हात तुम्हाला ठाऊक आहेत. खणातला कागद काढतो. सोमवारी येऊन सही घेऊन जा."

"सोमवारी?" चिमटाबाई एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं चपला शोधत होती. "सोमवारी काय उपयोग? बुटका मी त्याच दिवशी क्रॉसच्या कुंड्यांत पेरलाय, ते दोघे भाऊही; बुटक्याच्या ओंब्या आत्ता बाहेर पडत असतील. उद्यापर्यंत स्वतःचेच पराग घेऊन बसेल तो. काचघराची किल्ली कुणाकडे आहे तेवढं सांगा, मी निघाले."