पोहायच्या कपड्यांचा शिवणवर्ग

शिवणकाम करणाऱ्या बाईकडे कापडापेक्षा चिंध्याच जास्त निघतात. किश्शांचंही तसंच. कोणी ठरवून जमवत नाही, पण चार बायका रोज एका खोलीत बसून कात्री चालवू लागल्या की मशीनखाली साचतातच. आता एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच तोंड घालतो, त्यामुळे क्रमाचं मला विचारू नका.

आमचा वर्ग जळगावात होता. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि बाजारात इलॅस्टिक औषधालाही मिळत नव्हतं, एवढं पक्कं आठवतं. वर्ग चालवायच्या अक्का. पन्नाशीच्या, विधवा, रुंद खांद्यांच्या, बोलायला कमी. मी आणि कमल त्यांच्या हाताखाली. कमलच्या जिभेला हाड नव्हतं. वरच्या मजल्यावर अक्कांचे थोरले दीर राहायचे, आबा. घर त्यांचं आणि शब्दही त्यांचाच.

आणि शिवायचो काय? पोलकी, परकर, झबली. आणि बायकांचे पोहायचे कॉस्च्युम! हसू नका. त्या काळात खानदेशात हे काम दुसरं कोणी करत असेल तर तिला माझ्यासमोर आणून उभी करा, मी तिच्या पाया पडेन.

*

सुरुवात धुळ्याच्या एका साहेबाच्या मडमेमुळे झाली. तिच्या लोकरी कॉस्च्युमला कसर लागली होती. कोणाच्या तरी ओळखीने तो रफूसाठी आमच्याकडे आला. वीतभर कापड ते! आम्ही दोघी पदरात तोंड घालून हसत होतो.

अक्कांनी रफू केलं, कॉस्च्युम चटईवर पसरला आणि बघतच बसल्या.

कमल म्हणाली, "अक्का, एवढंसं तर आहे. एवढं काय बघता त्यात?"

"यात हात पूर्ण वर जातो गं," अक्का म्हणाल्या.

मग हळूहळू कळलं. अक्का तापीकाठच्या. लहानपणी परकर खोचून पलीकडच्या काठाला हात लावून यायच्या. लग्न झालं आणि पाणी सुटलं. लुगडं नेसून खोल पाण्यात जावं तर ते पायांत अडकून खाली ओढतं, आणि लुगड्याशिवाय जाऊ कोण देणार? "मरायच्या आधी एकदा तापीत पोहायचंय," असं त्या अगदी सहज म्हणाल्या, उद्या डाळ भिजत घालायची आहे असं म्हणावं तसं. मला मात्र गलबलून आलं. तेव्हापासून आम्ही कोणासाठीही कॉस्च्युम शिवत असलो तरी मला तो अक्कांसाठीच वाटायचा.

*

पहिलं खरं गिऱ्हाईक वकीलीणबाई. त्यांचे गुडघे दुखायचे. लेडी डॉक्टरने पोहायला सांगितलं. त्यांच्या केळीच्या मळ्यात पायऱ्यांची मोठी विहीर होती, गड्यांना दुसऱ्या टोकाला पाठवलं की झालं. प्रश्न कपड्यांचा होता.

आता तुम्हाला ठाऊक आहे, घरंदाज बाई तेव्हा अंगाचं माप देत नसे. मापाला जुनं पोलकं पाठवायची. बाईंनीही पाठवलं. त्यावर अक्कांनी गडद निळा पोशाख शिवला. वर कोपरापर्यंत बाह्या, खाली गुडघ्यापर्यंत पाय, सगळं एकसंध. ट्रायलच्या दिवशी तो बाईंच्या एका दंडावरच अडला!

"अक्का, तुमचं माप चुकलं," बाई घुश्शात म्हणाल्या.

अक्कांनी मापाचं पोलकं उलटंपालटं करून पाहिलं. "बाई, हे कधीचं?"

बाई हळूच म्हणाल्या, "लग्नातलं. मला वाटलं, शिवायचंच आहे तर त्या मापाचं शिवावं!"

कमल हसली. अक्का नाही हसल्या. त्यांनी ते पोलकं नीट घडी घालून परत दिलं.

*

मग ठरलं, अंगावरून माप घ्यायचं. तेही उभ्याने नाही. "बाई उभ्याने पोहणार आहेत का?" असं म्हणून अक्कांनी वकीलीणबाईंना बाकावर पालथं निजवलं आणि हातपाय मारायला लावले. हात पुढे गेला की पाठ किती ताणते, पाय मागे झटकला की कापड कुठे खेचतं, ते त्या टेपने मोजत होत्या. बाई तोंडाने फूफू करत होत्या, कारण पोहताना तसं करतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

शेजारच्या काकूंनी खिडकीतून हे पाहिलं. फोडलेला कांदा घेऊन त्या धावतच आत शिरल्या आणि थेट वकीलीणबाईंच्या नाकाला लावला!

"कधीपासून येतंय हो हिला फेफरं?"

बाई नाक पुसत उठल्या आणि म्हणाल्या, "आजच. माप झालं की जाईल!"

*

बाईंची अजून एक अट होती. पोट दिसायला नको. विहिरीत बघणार कोण होतं? बेडूक! पण बाईंचा हट्ट. मग अक्कांनी आतून दुहेरी कापडाचा रुंद पट्टा बसवला आणि पाठीवर नाड्या ठेवल्या. कमलने गुडघा टेकवून नाड्या आवळल्या. बाई खरोखर बारीक दिसायला लागल्या. आरशासमोरून हलेनात.

विहिरीवर आम्ही सगळ्या गेलो. बाईंच्या पाठीला वाळका भोपळा बांधला, तेव्हा पोहायला शिकायची तीच रीत होती. बाई पाण्यात उतरल्या, श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि श्वास काही आत जाईना. भोपळा वर, बाई खाली! आम्ही त्यांना हात धरून पायरीवर ओढलं.

दम आल्यावर पहिलं वाक्य काय? "अक्का, मी बारीक दिसते, पण बुडते!"

"मग ठरवा. दिसायचंय का पोहायचंय?"

बाईंनी खूप विचार केला. शेवटी पट्टा पुढून आवळ आणि बरगड्यांच्या बाजूने सैल, असा मधला मार्ग निघाला. पोटाला आधार मिळाला आणि श्वासालाही जागा. पुढे बाई त्यात मजेत तरंगायच्या.

अक्का मात्र पायरीवर बसून राहायच्या, घोट्यापर्यंत पाण्यात. सूचना द्यायच्या बाईंना, आणि मांडीवर त्यांचे स्वतःचे हात पाणी कापल्यासारखे हलत असायचे. मी ते बघायची आणि दुसरीकडे तोंड करायची. एकदा मी म्हटलं, "उतरा ना अक्का, इथे कोण आहे?"

"विहीर आहे ही," त्या म्हणाल्या. "हिला पलीकडचा काठ कुठे असतो?"

*

एक शाळामास्तरीण होत्या. देशासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, "कॉस्च्युम खादीचाच हवा." अक्कांनी समजावलं, खादी पाणी पिते. बाई म्हणाल्या, "पिऊ दे, आपलीच आहे."

शिवला. बाई जोरात घोषणा देऊन विहिरीत उतरल्या. घोषणेचा दुसरा अर्धा भाग ऐकूच आला नाही! कापडाने इतकं पाणी ओढलं की मोटेचा दोर सोडावा लागला. वर आल्या तेव्हा गुडघ्यांपाशी दोन पखाली लोंबत होत्या.

धापा टाकत म्हणाल्या, "तुरुंगातसुद्धा एवढं ओझं वाटलं नव्हतं हो!"

पण पुढचाही खादीचाच हवा म्हणाल्या. मग अक्कांनी बारीक सुताची झिरझिरीत खादी शोधली, दोन पदर तिरके कापून जोडले आणि गुडघ्याशी पाणी निघून जायला फटी ठेवल्या. मास्तरीणबाई तरल्या.

*

सगळ्या तरत होत्या, अक्का सोडून. आम्ही त्यांना न सांगता त्यांचा पोशाख शिवायला घेतला. काळा, बिनपट्ट्याचा. त्यांना कशाला हवा पट्टा? तो आम्ही कपाटामागे लपवायचो. आठवड्याभराने पाहिलं तर काखेतली माझी शिलाई उसवून तिथे चौकोनी तुकडा बसवलेला, टीप अक्कांच्या हाताची! पोशाख पुन्हा कपाटामागे गेला.

शेवटी कापड आटवून घ्यायला कमलने तो भिजवला आणि परसातल्या दोरीवर वाळत घातला. नेमके आबा खाली आले. काठीने त्याचा एक पाय उचलून म्हणाले, "हाई काय शे?"

"लोडाचा अभ्रा, आबा," कमल म्हणाली.

आबांनी दुसरा पायही उचलून पाहिला. "लोडले दोन पाय कधीपाईन फुटनात?"

कमल दोरीवरची झबली गोळा करायला लागली. आबा वर निघून गेले. आता वर्ग बंद होणार, म्हणून आम्ही दोघी रडकुंडीला आलो. अक्का बटणं लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "होऊ दे बंद. शिवून तरी झालाय."

चार दिवसांनी सोमवती अमावास्या होती. मी धीर करून आबांना विचारलं, "अक्कांना तापीवर स्नानाला नेऊ का?" विधवेने पर्वणीच्या स्नानाला जाऊ नये असं कोण म्हणेल?

आबा जप करत होते. माळ थांबवली. "बैलगाडी जुंपाले सांगस," म्हणाले. आणि डोळे मिटून, "तो अभ्राबी लई जा."

*

आता शेवटचा.

घाटावर पर्वणीची गर्दी होती म्हणून आम्ही गाडी वळणापलीकडे नेली. अक्कांचं माहेरचं गाव तिथून जवळ, पण तिथे आता ओळखीचं कोणी उरलेलं नव्हतं. थंडीचे दिवस, पाणी निवळ आणि संथ. काठावर उपडी घातलेली एक नाव, आणि तिच्याजवळ एक फार म्हातारा नावाडी ऊन खात बसलेला.

कमल त्याला म्हणाली, "आजोबा, तोंड फिरवून बसा. बायामाणसं उतरणार आहेत." म्हातारा बिचारा लगेच नदीकडे पाठ करून, डोळे मिटून बसला.

अक्कांनी झुडपाआड लुगडं सोडलं. काळ्या पोशाखात बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बाई अशी दिसते, उभी राहते, हे लुगड्यात कधी कळलंच नव्हतं. गुडघाभर पाण्यात त्या थांबल्या. मला वाटलं, परत फिरतात आता. श्वास पुरेल का, हात चालतील का, एवढी वर्षं झाली!

त्यांनी पाणी डोळ्यांना लावलं आणि अंग झोकून दिलं.

काय सांगू तुम्हाला! कुठे कापड ओढलं नाही, कुठे फुगलं नाही. हात पूर्ण वर जात होता. लांब, सावकाश हात, आणि दर हाताला पाण्यावर एक चापट वाजायची. कमल रडत होती. मीही. अक्का मधल्या धारेला लागल्या आणि तिथून खडकांकडे वळल्या.

तेवढ्यात आमच्या मागून म्हातारा ओरडला. पाठ तशीच नदीकडे. मान वळवली नाही की डोळे उघडले नाहीत, कान तेवढा त्या चापटीकडे.

"ए ठकू! तठे भवरा शे, नको जाऊ! तुना बाप मना जीव लेई!"

कमल माझ्याकडे बघायला लागली. आमच्यात ठकू नावाची कोणीच नव्हती.

नदीत अक्कांचे हात थांबले. क्षणभर नुसतं डोकं दिसत होतं. मग त्या खडकांपासून मागे फिरल्या, आणि आमच्यासमोर ज्यांच्या तोंडून खानदेशीचा एक शब्द कधी निघाला नव्हता, त्या अक्का नदीच्या मधून ओरडल्या,

"नई जास, काका!"