शेजारच्या खुर्चीतल्या काकू

ठरलेलं लग्न मोडल्यावर मी ऑफिसला दांडी मारून कोथरूडला एकटीच सिनेमाला गेले. प्रेमभंग विसरू पाहणाऱ्या मुलीची विनोदी गोष्ट होती. लोक हसत होते आणि मी सारखा मोबाईल बघत होते.

शेजारच्या अनोळखी काकू पिशवीत लपवून आणलेला चिवडा खात होत्या. त्यांनी विचारलं, "त्याचा फोन येणार आहे का?"

"नाही बहुतेक," मी म्हणाले.

"मग आत ठेवा. उजेड माझ्या डोळ्यांवर येतोय."

मला हसू फुटलं. त्यांनी डबा पुढे केला.

शेवटी नायिकेला दुसरा मुलगा भेटला. काकू पदर झटकत उठल्या. "हिला घाईच झाली. आधी चार दिवस नीट जेवायचं तरी."

त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले. आईनं आणखी एक पोळी वाढली.